वचनांचा हिशेबनीस

एखादा माणूस किती वर्षे जगेल, हे कुणालाच सांगता येत नाही. ज्योतिषी सांगतात, पण त्यांच्या भरवशावर कुणी विमा कंपनी काढत नाही. मात्र तिशीतली एक लाख माणसे एकत्र घेतली, तर त्यांतली किती पुढच्या वर्षभरात दगावतील, हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते. कोण दगावेल ते नाही; किती, एवढेच. या ‘किती’वर ज्याचा व्यवसाय उभा आहे, त्याला ॲक्च्युअरी म्हणतात. मराठीत त्याला विमागणिती असा शब्द आहे. तो कोशातच जास्त राहिला आहे, म्हणून मी दोन्ही शब्द वापरणार आहे.

बारावीचे निकाल लागले, की गणितात गती असलेल्या मुलांचे पालक हल्ली या व्यवसायाची चौकशी करतात. परीक्षा किती, पगार किती, परदेशात वाव आहे का? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. या माणसाची समाजाला मुळात गरज का पडली? त्याचे उत्तर इतिहासात सापडते, आणि तो इतिहास नुसत्या आकडेमोडीचा नाही. लोकांचा पैसा बुडण्याचा आणि तो बुडू नये म्हणून केलेल्या धडपडीचा तो इतिहास आहे.

सुरुवात करू या एका खगोलशास्त्रज्ञापासून. धूमकेतूमुळे एडमंड हॅलीचे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. याच हॅलीने १६९३ साली ब्रेस्लाऊ नावाच्या शहरातील (ते आता पोलंडमध्ये आहे) जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन एक कोष्टक तयार केले. अमुक वयाची इतकी माणसे असली, तर पुढच्या वयापर्यंत त्यांतली किती पोचतात, हे त्यात मांडले होते. त्या काळी इंग्लंडचे सरकार लोकांकडून एकरकमी पैसे घेई आणि त्यांना तहहयात वर्षासन देई. गंमत अशी, की या वर्षासनाची किंमत विशीतल्या तरुणाला आणि साठीच्या म्हाताऱ्याला एकच होती! तरुण चाळीस वर्षे वर्षासन खाणार आणि म्हातारा दहा वर्षे, तरी दोघांनी भरायचे सारखेच. वयाप्रमाणे किंमत बदलली पाहिजे, हे हॅलीने गणिताने दाखवून दिले. सरकारने ते लगेच ऐकले असे मात्र नाही.

आयुर्विम्यातही तीच गत होती. १७०६ साली लंडनमध्ये निघालेल्या ॲमिकेबल सोसायटीत सगळे सभासद सारखीच वर्गणी भरत आणि वर्षाची ठरावीक रक्कम त्या वर्षी वारलेल्यांच्या वारसांमध्ये वाटली जाई. वारसांच्या हाती किती पडेल, हे त्या वर्षी किती जण गेले यावर अवलंबून. पंचेचाळीस वर्षांपुढच्या माणसाला तिथे प्रवेशच नव्हता. जेम्स डॉडसन नावाच्या गणिताच्या शिक्षकाला याच कारणासाठी परत पाठवण्यात आले. तो घरी जाऊन चडफडत बसला नाही. कोणत्याही वयाच्या माणसाला, त्याच्या वयाला साजेशी वर्गणी घेऊन, ठरावीक रकमेचा विमा कसा देता येईल, याचे गणित त्याने मांडले. १७५७ साली तो वारला. त्याच्या गणितावर उभी राहिलेली इक्विटेबल सोसायटी १७६२ साली सुरू झाली. तिच्या मुख्य कारभाऱ्याला एडवर्ड रो मोर्स या गृहस्थाने ‘ॲक्च्युअरी’ असे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नोंदी ठेवणारा कारकून, इतकाच आहे.

डॉडसनची युक्ती नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे महाभारत तिच्यातूनच घडले. समजा, तिशीतल्या हजार माणसांनी एक मंडळ काढले. जो दगावेल त्याच्या घरी एक लाख रुपये द्यायचे ठरले. वर्षात दोघे जातील असा अनुभव असला, तर लागणार दोन लाख, म्हणजे माणशी दोनशे रुपये. (आकडे मी केवळ सोयीसाठी घेतले आहेत.) पण हीच मंडळी साठीला पोचली, की हजारी दहा-बारा जण जातील आणि वर्गणी हजार-बाराशेवर जाईल. पुढे तर ती आणखी चढेल. नेमका ज्या वयात धोका जास्त, त्याच वयात विमा परवडेनासा होणार. यावर डॉडसनचा उपाय असा, की वर्गणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेवायची. तरुणपणी दोनशेची गरज असताना पाचशे घ्यायचे, उरलेले तीनशे व्याजाने लावायचे आणि म्हातारपणी जे कमी पडेल ते या साठ्यातून भरायचे.

हा साठा म्हणजेच आयुर्विमा निधी. आता बघा, पहिली वीस-पंचवीस वर्षे पैसा येतच राहतो, जातो फार थोडा. पेटी भरलेली दिसते. ती पाहून मालकाला वाटते धंदा फायद्यात आहे, सभासदांना वाटते बोनस वाटा, आणि सरकारला वाटते चार पैसे आपल्यालाही मिळावेत. प्रत्यक्षात तो फायदा नसतो. पुढे होणाऱ्या मृत्यूंसाठी आगाऊ घेतलेली ती रक्कम असते. त्यातले खरे शिल्लक किती आणि देणे किती, हे नुसत्या जमाखर्चावरून कळत नाही. पुढच्या तीस-चाळीस वर्षांतले मृत्यू, व्याज आणि खर्च यांचा अंदाज बांधून ते काढावे लागते. ते काढून ‘हा पैसा तुमचा नाही’ असे पेटीजवळ बसलेल्यांना सांगायचे, हे विमागणितीचे खरे काम. मोजणे हा त्यातला अर्धा भाग; उरलेला अर्धा म्हणजे मोजलेले स्पष्ट सांगणे.

हे पहिल्यांदा ठामपणे केले ते विल्यम मॉर्गनने. तो १७७५ साली इक्विटेबलचा ॲक्च्युअरी झाला आणि १८३० पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, त्या पदावर राहिला. सोसायटीच्या सगळ्या मालमत्तेचा आणि सगळ्या भावी देण्यांचा एकत्र हिशेब त्याने मांडला. शिल्लक वाटून टाका म्हणून सभासद मागे लागत, आणि मॉर्गन सर्वसाधारण सभेत त्यांना वरचेवर सबुरीचा उपदेश करी. लोकप्रिय होण्याचा हा मार्ग नव्हे. पण आसपासच्या कितीतरी विमा मंडळ्या बुडाल्या, आणि इक्विटेबल टिकली.

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानात विमा आला तो इंग्रजांबरोबर, आणि इंग्रजांसाठी. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, ती इथल्या युरोपियनांच्या सोयीसाठी. पुढे भारतीयांचे विमे उतरवले जाऊ लागले. पण भारतीय आयुष्य हे कमी प्रतीचे समजून त्यावर जबर जादा हप्ता आकारला जाई. याचे कारण केवळ वर्णद्वेष होते असे म्हणून मोकळे होता येणार नाही. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होते. पण ही सरासरी फसवी असते. बाळपणीच दगावणाऱ्या मुलांमुळे ती इतकी खाली येते. विमा घ्यायला येतो तो तिशीतला, डॉक्टरने तपासलेला, नोकरी-व्यवसाय करणारा माणूस. अशी हजारो भारतीय माणसे किती जगतात, हे कुणी वेगळे मोजलेच नव्हते. जे मोजलेले नाही त्याची किंमत भीतीच्या भावाने लागते, आणि ती मोजावी लागते ज्याचा विमा आहे त्याला.

मुंबईत १८७० साली निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांना नेहमीच्याच दराने विमा द्यायला सुरुवात केली. १८७४ साली मुंबईतच ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ ॲशुरन्स कंपनी स्थापन झाली. तिची इमारत हुतात्मा चौकाजवळ आजही उभी आहे. पुढे हीच ओरिएंटल देशातली अग्रगण्य आयुर्विमा कंपनी झाली. १९२५ ते १९३५ या दहा वर्षांतल्या तिच्या विमाधारकांच्या अनुभवावरून मृत्युमानाचे एक कोष्टक तयार करण्यात आले. विमा घेणाऱ्या भारतीय माणसाचे ते स्वतःचे कोष्टक होते. आयुर्विमा महामंडळानेसुद्धा आरंभीची अनेक वर्षे याच कोष्टकाचा आधार घेतला. जनगणनेच्या अहवालांतही असेच घडले. हिंदुस्थानच्या लोकसंख्येची आयुर्मान कोष्टके आधी ब्रिटिश विमागणिती करीत. १९३१ च्या जनगणनेसाठी ते काम एल. एस. वैद्यनाथन या भारतीय विमागणितीने केले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या गोष्टी कुणी लिहीत नाही. पण आपल्या माणसांचे आयुष्य आपण मोजणे, हेही एका अर्थी स्वराज्यच होते.

स्वदेशीच्या चळवळीने विम्याला मोठा जोर दिला. लाहोर, कलकत्ता, मद्रास, सगळीकडे कंपन्या निघाल्या. आपल्याकडे साताऱ्यासारख्या गावी अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. पुढे युनायटेड वेस्टर्न बँकही त्यांनीच उभी केली. पण या भरतीच्या पाण्याबरोबर गाळही आला. वर्गण्या गोळा करून आपसांत वाटण्याच्या योजना काढणाऱ्या मंडळ्या निघत आणि बुडत. म्हणून १९१२ साली सरकारने कायदा केला. विम्याच्या हप्त्यांची कोष्टके आणि कंपनीचे वेळोवेळी होणारे मूल्यांकन ॲक्च्युअरीकडून प्रमाणित करून घेणे त्याने बंधनकारक ठरवले. या देशात या व्यवसायाला कायद्याने जागा मिळाली ती इथे. त्यानंतर १९३८ साली अधिक व्यापक असा विमा कायदा आला, आणि १९४४ साली ॲक्च्युअरियल सोसायटी ऑफ इंडिया ही विमागणितींची संस्था स्थापन झाली.

मग सगळे सुरळीत झाले का? नाही. राष्ट्रीयीकरणाच्या आधीच्या दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्यांचे दिवाळे निघाले, आणि आणखी पंचवीस कंपन्यांना विमाधारकांचे नुकसान करून आपला धंदा दुसऱ्यांच्या हवाली करावा लागला. १९५५ च्या डिसेंबरमध्ये फिरोझ गांधी यांनी लोकसभेत भारत इन्शुरन्स कंपनीचे प्रकरण मांडले. विमाधारकांचे दोन कोटींहून अधिक रुपये मालकाच्या इतर उद्योगांकडे वळवण्यात आले होते. आजच्या भावाने दोन कोटी म्हणजे मुंबईतला एक फ्लॅट. तेव्हा ती हजारो कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी होती. ॲक्च्युअरीचे प्रमाणपत्र असतानाही हे कसे घडले? मला वाटते, त्याचे कारण त्याच्या जागेत होते. अनेक कंपन्यांत तो बाहेरून बोलावलेला पाहुणा असे. काही वर्षांतून एकदा यायचा, दिलेल्या कागदांवरून देणे मोजायचा आणि जायचा. तिजोरीतले रोखे खरेच तिथे आहेत का, हे पाहणे दुसऱ्याचे काम. देणे एकाने मोजायचे आणि मालमत्ता दुसऱ्याने. मधल्या फटीतून पैसा निघून गेला.

रेडिओच्या श्रोत्यांना आवर्जून सांगावी अशी गोष्ट पुढे आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, ती आकाशवाणीवरून. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले हे गृहस्थ हिशेबाला फार काटेकोर. आधी कुठे बोभाटा झाला असता, तर उरलासुरला पैसाही रातोरात हलला असता. म्हणून वटहुकूम आणि घोषणा एकदमच आले. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला. १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ स्थापन झाले. तोवर देशमुख मंत्रिमंडळात राहिले नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता. महामंडळाचे मुख्य कार्यालय मात्र मुंबईतच राहिले, आणि त्यामुळे हा व्यवसायही प्रामुख्याने मुंबईचाच राहिला. पुढची चार-साडेचार दशके विमागणितीला या देशात जवळपास एकच मोठा मालक होता. लंडनच्या परीक्षा मुंबईत राहून, नोकरी सांभाळून द्यायच्या आणि ‘योगक्षेम’ इमारतीत काम करायचे, असा मळलेला रस्ता होता.

तो रस्ता २००० साली फुटला. मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर १९९९ साली विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि खासगी कंपन्यांना दार उघडले. २००० सालच्या नियमांनी प्रत्येक कंपनीला ‘नियुक्त ॲक्च्युअरी’ ठेवणे भाग पडले. त्याने काही वर्षांतून एकदा डोकवायचे नाही, तर कंपनीच्या प्रकृतीवर सतत नजर ठेवायची. विमाधारकांच्या हिताला धोका दिसला, तर व्यवस्थापनाच्या नजरेस आणून द्यायचा आणि कंपनीने कायदा मोडला असे त्याचे मत झाले, तर ते नियामकाला लेखी कळवायचे. १९५५ ची फट बुजवण्याचा हा प्रयत्न होता. २००६ साली ॲक्च्युअरींचा स्वतंत्र कायदा झाला आणि जुन्या सोसायटीचे रूपांतर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियामध्ये झाले.

योगायोग असा, की आपल्याकडे हे दार उघडत असताना, ८ डिसेंबर २००० रोजी, लंडनच्या त्याच इक्विटेबलने आपले दार नव्या ग्राहकांसाठी बंद केले. जिथे हा व्यवसाय जन्मला, जिथे मॉर्गन पंचावन्न वर्षे ‘वाटू नका’ म्हणत राहिला, ती संस्था. १९५७ ते १९८८ या काळात तिने विकलेल्या पेन्शनच्या पॉलिसींत किमान ठरावीक दराने वर्षासन देण्याची हमी होती. व्याजदर चढे होते तोवर ती हमी कागदावरच राहिली. पुढे व्याजदर उतरले, माणसे जास्त जगू लागली आणि हमी महाग पडू लागली. तिच्यासाठी पुरेसा पैसा बाजूला ठेवलेला नव्हता. हमीवाल्यांचा बोनस कापून भार हलका करू पाहणाऱ्या संस्थेला जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मनाई केली आणि सगळा डोलारा कोसळला. १९९१ ते १९९७ या काळात तिथे मुख्य अधिकारी आणि नियुक्त ॲक्च्युअरी ही दोन्ही पदे एकाच माणसाकडे होती. जो धंदा वाढवणार तोच ‘जरा थांबा’ म्हणणार, हे जमणारे नव्हते. ब्रिटिश सरकारने २०१० साली नुकसानभरपाईसाठी दीड अब्ज पौंड द्यायचे ठरवले, तरी अनेकांचे झालेले नुकसान भरून निघाले नाही.

आयुष्याच्या पलीकडे हे शास्त्र आपल्या शेतातही पोचले आहे, आणि त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात पीकविम्याचा एक व्यवहार्य मार्ग मांडला. एकेका शेतकऱ्याच्या शेतावर जाऊन नुकसान मोजणे अशक्य, आणि त्यात लबाडीलाही वाव. त्यापेक्षा एका पट्ट्यातले सरासरी उत्पन्न पीककापणी प्रयोगांनी मोजा आणि ते उंबरठ्याखाली गेले, तर त्या पट्ट्यातल्या सगळ्या विमाधारक शेतकऱ्यांना भरपाई द्या. १९७९ सालची प्रायोगिक योजना याच तत्त्वावर निघाली. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेतही मुख्य आधार तोच आहे. तिच्यात शेतकरी खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के आणि रब्बीला दीड टक्का भरतो. जोखमीच्या हिशेबाने निघालेला खरा हप्ता याहून जास्त असला, तर वरचे पैसे केंद्र आणि राज्य सरकारे भरतात. महाराष्ट्राने २०२३ साली शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला आणि २०२५ साली ती सवलत बंद केली. शेतकऱ्याने एक रुपया भरला, म्हणून जोखमीची किंमत एक रुपया होत नाही. उरलेले कुणीतरी भरतच असते. सरकारने ते भरावे की नाही, हा राजकारणाचा प्रश्न आहे. पण किती भरायचे ते आधी उघड मांडणे, हा विमागणिताचा प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण बँकेत खाते असलेल्या अनेकांच्या ओळखीचे. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना २०१५ साली वर्षाला ३३० रुपयांत सुरू झाली. दोन लाखांचा विमा, आणि अठरा ते पन्नास वर्षांच्या सगळ्यांना एकच हप्ता. म्हणजे पुन्हा ॲमिकेबल सोसायटीच! पण इथे ते जाणूनबुजून केले आहे, योजना सोपी राहावी म्हणून. त्याची किंमत दिसून आली. दाव्यांचा अनुभव प्रतिकूल आल्यामुळे १ जून २०२२ पासून हप्ता ४३६ रुपये करावा लागला. सोपेपणा हवा असेल तर तो घ्यावा, मात्र त्याचा हिशेब कुणीतरी ठेवलाच पाहिजे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. बारावीनंतर इन्स्टिट्यूटची ‘एसेट’ नावाची प्रवेशपरीक्षा देता येते. पुढे संभाव्यता आणि सांख्यिकी, व्याजगणित, जोखमीची प्रतिमाने, अर्थशास्त्र, हिशेबशास्त्र आणि शेवटी आपल्या खास शाखेचे पेपर, असे डझनभर टप्पे पार करावे लागतात. बहुतेक विद्यार्थी पदवीबरोबर किंवा नोकरी करता करता ते देतात. त्यात अनेक वर्षे जातात, आणि शेवटपर्यंत न पोचणारेही पुष्कळ असतात. आजही देशातल्या पूर्ण पात्रताधारकांची, म्हणजे फेलोंची, संख्या शेकड्यांतच मोजावी लागते. मधल्या टप्प्यावर थांबलेल्यांनाही काम मिळते, हे खरे. पण ‘सोपा आणि श्रीमंत’ व्यवसाय म्हणून कुणी इकडे येऊ नये.

कामाचे क्षेत्र मात्र जुन्या एका मालकाच्या मानाने फारच विस्तारले आहे. आयुर्विम्यात पॉलिसीची किंमत ठरवणे, दरवर्षी देणी मोजणे, बोनस किती द्यावा याचा सल्ला देणे. सर्वसाधारण विम्यात २००७ साली दर मोकळे झाल्यावर तिथेही गरज वाढली. रस्त्यावरच्या अपघाताचा दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे चालतो. त्यासाठी आज किती रक्कम राखून ठेवायची, हे ठरवणे सोपे नाही. आरोग्यविमा, पुनर्विमा, परदेशी कंपन्यांची मुंबई, पुणे, बंगळूर, गुरगावला चालणारी कामे हे सगळे आहेच. आणखी एक काम सर्वांच्या जिव्हाळ्याचे. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी १९७२ पासून कायद्याने मिळते. कारखान्यात आज राबणाऱ्या माणसाला ती वीस वर्षांनी मिळायची असते, पण देणे आजपासूनच साठत जाते. ते ताळेबंदात दाखवण्यासाठी विमागणितीकडे जावे लागते.

संगणक हे सगळे करणार नाही का? आकडेमोड तर तो कधीच करू लागला आहे. पण पुढची वीस वर्षे व्याजदर कसे राहतील, २०२१ च्या दुसऱ्या लाटेतले मृत्यू कोष्टकात किती धरायचे आणि किती अपवाद म्हणून सोडायचे, हे ठरवायला निर्णयबुद्धी लागते. आणि तो निर्णय नफ्याची वाट पाहणाऱ्या संचालक मंडळासमोर सांगायला कणा लागतो. परीक्षेच्या पेपरांत त्याला गुण नाहीत.

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते. १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने नवी एकीकृत योजना आणली आहे. तीत पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळण्याची हमी आहे. कोणती योजना चांगली, याबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात आणि असावेत. पण आज पंचविशीत नोकरीला लागलेल्या कारकुनाला दिलेले वचन तीस-पस्तीस वर्षांनी पाळायचे आहे, आणि त्यानंतर कदाचित त्याच्या पत्नीसाठीही. वचन देणारे मंत्री, मागणारे पुढारी आणि त्यावर लिहिणारे पत्रकार तेव्हा आपापल्या जागी नसतील. कारकून मात्र असेल, आणि बँकेत पासबुक भरून घ्यायला उभा असेल. त्याच्या वतीने आज कुणीतरी त्या वचनाची किंमत काढून ती सर्वांसमोर ठेवायला हवी. आपल्या मुलाला किंवा मुलीला या व्यवसायात पाठवणार असाल, तर गणिताबरोबर एवढे मात्र घरीच शिकवून पाठवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)